पारव्या पेनाची जीभ

पेन बंद झाल्याची बातमी फुटली त्या दिवशी दुकानातला फोन दुपारपर्यंत अकरा वेळा वाजला, आणि अकराही वेळा पलीकडचा माणूस रडकुंडीला आलेला होता. पहिले तीन फोन पेनताईनं घेतले. चौथ्याला तिनं रिसीव्हर नणंदेच्या हातात कोंबला.

"सांग, मी कामात आहे."

नणंदेनं रिसीव्हरच्या तोंडावर हात ठेवला. "वहिनी, कोण गेलं?"

"पेन गेलं."

"कुणाचं?"

"कुणाचं नाही. कंपनीनं बनवणं बंद केलं."

"अग बाई," नणंद म्हणाली आणि फोनवरच्या माणसाला तिनं इतक्या गंभीर आवाजात 'फार वाईट झालं' म्हणून सांगितलं, की पेनताईला हातातली निब खाली ठेवून हसावं लागलं.

दुकानाचा पुढचा अर्धा भाग नणंदेचा होता. वह्या, पाकिटं, डिंक, पट्ट्या. मागच्या खिडकीपाशी पेनताईचं टेबल. सासऱ्यांनी तिला निब घासायला शिकवलं त्याला सव्वीस वर्षं झाली होती. सासरे गेले, नवरा गावोगाव फिरतीच्या नोकरीत रमला, आणि टेबल तिच्याकडे आलं ते आलंच. लिहिणारी माणसं कमी होत गेली. त्यांच्या जागी संग्राहक आले.

या जमातीबद्दल पेनताईचं मत साफ होतं. दाताचे डॉक्टर हे त्यांच्या लेखणी मंडळाचे अध्यक्ष. मखमली कप्प्यांच्या कपाटात पेनं ठेवायचे, हात धुतल्याशिवाय त्यांना शिवायचे नाहीत, आणि रोग्याला औषध लिहून द्यायचे ते औषध कंपनीनं फुकट वाटलेल्या बॉलपेननं. जजसाहेबांनी नोकरीत असताना सगळे निकाल एकाच काळ्या पेनानं लिहिले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी शंभरावर पेनं जमवली आणि ओळभरसुद्धा लिहिलं नाही. फर्निचरवाले तर पेनाचं प्लास्टिकचं वेष्टणही काढत नसत. ते प्रत्येक पेन दोन घ्यायचे. एक ठेवायला, आणि दुसरं त्या पहिल्याला सोबत.

बंद झालेलं पेन सडपातळ होतं, वजनाला काडीसारखं. ते सात रंगांत यायचं. त्यातला पारवा रंग चार वर्षांपूर्वीच बंद झाला होता. तो मिळत होता तोवर तीन वर्षं नणंदेच्या काचेच्या कपाटात धूळ खात पडला होता. मंडळातल्या एकूण एकानं त्याला नाकं मुरडली होती. "धुतलेल्या फडक्याचा रंग," असं डॉक्टर स्वतः म्हणाले होते. आणि तो बंद झाल्याचं कळलं त्या सकाळी नणंद शटर उघडायला आली, तर हेच डॉक्टर दवाखान्याचा पांढरा कोट घालून पायरीवर बसलेले. शेवटचं पारवं पेन त्यांनी उचललं. त्या दिवसापासून त्यांना त्या रंगात 'पहाटेची शांतता' दिसायला लागली, आणि जजसाहेबांनी त्यांच्याशी दोन महिने अबोला धरला.

आता तेच पेन पेनताईच्या टेबलावर होतं. डॉक्टरांनी ते परवाच आणून दिलं होतं. भिंगातून पाहताना निब एका बाजूला केसभर सरकलेली दिसते, रात्री झोप लागत नाही, तेवढी मध्यावर आणून द्या, असा निरोप होता.

"लिहिताना अडतं का?" पेनताईनं मुद्दाम विचारलं होतं.

"लिहिताना?" डॉक्टर दचकले होते. "छे छे! शाई नाही लावलेली अजून."

फोन थंडावले तेव्हा मुद्रितशोधक बाई आल्या. रस्त्यापलीकडच्या छापखान्यात वरच्या मजल्यावर बसून त्या तीस वर्षं प्रुफं तपासत होत्या. सांध्यांच्या दुखण्यानं त्यांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी झाली होती. बॉलपेन दाबून लिहिणं आता त्यांना जमत नसे. हे सडपातळ पेन मात्र कागदावर नुसतं टेकवलं तरी चालायचं, म्हणून सहा वर्षं त्यांचं सगळं काम त्याच्यावर होतं.

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "पडलं. आता थुंकतंय. सकाळपासून चार पानं खराब झाली."

पेनताईनं निब ओढून काढली. निबच्या पोटाखाली खाचांची काळी पट्टी असते. तिला जीभ म्हणतात, आणि शाई उतरते ती तिच्यातून. ती आतल्या बाजूला उभी चिरली होती.

"नवी जीभ लागेल."

"मग घाल."

"मिळणार नाही. पेनच बंद झालंय. कंपनीनं सुटे भाग द्यायचे तर कधीच थांबवलेत. दुसऱ्या पेनाची यात बसत नाही, फार बारीक आहे."

बाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "म्हणजे चष्मा काढून घरी बसायचं म्हण की. स्पष्ट बोल ना, उगाच कशाला घुटमळतेस?"

"मला चार दिवस द्या," पेनताई म्हणाली.

तिनं त्याच संध्याकाळी तिघांना फोन लावले. एकेकाच्या घरी हे पेन डझनांनी पडलेलं. तिला एक जीभ हवी होती, कुठल्याही रंगाच्या पेनातली, हाताच्या बोटाएवढीही नसलेली.

डॉक्टर म्हणाले, "ताई, मालिका तुटेल हो."

फर्निचरवाले म्हणाले, "वेष्टण फोडायचं? त्यापेक्षा त्या बाईंना कॉम्प्युटर शिकवा."

जजसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, घसा खाकरला आणि निकाल दिला. एका व्यक्तीची गैरसोय ही वस्तूच्या अखंडतेपेक्षा मोठी मानली, तर उद्या संग्रह या कल्पनेलाच अर्थ उरणार नाही. शिवाय त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, हेही त्यांनी नोंदवलं.

दुसऱ्या दिवशी पेनताईनं डॉक्टरांचं पारवं पेन कामाला घेतलं. निब मध्यावर आणायची तर ती आणि जीभ दोन्ही बाहेर ओढावीच लागतात. तिनं ओढली. टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर आता दोन काळ्या जिभा शेजारी शेजारी होत्या. एक चिरलेली. दुसरीला शाईचा थेंबही कधी लागला नव्हता.

तिनं फार विचार केला असं म्हणता येणार नाही. हा माणूस मेला तरी यात शाई भरायचा नाही, एवढंच तिच्या मनात आलं. चांगली जीभ तिनं बाईंच्या पेनात बसवली, चिरलेली पारव्यात. बाईंचं पेन त्याच दुपारी छापखान्यात पोचतं केलं, आणि पारव्याची निब केसभरही इकडेतिकडे नको, म्हणून ती भिंगातून तीनदा तपासली. डॉक्टर पेन न्यायला आले, त्यांनीही भिंग काढून पाहिलं.

"वा! याला म्हणतात हात."

"असू दे, डॉक्टर," पेनताई म्हणाली. त्या रात्री तिला छान झोप लागली.

रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मंडळानं सभा ठेवली. तिला बोलावणं नव्हतं. पण सव्वाअकराला जजसाहेबांचा फोन आला. "ताई, शाईची एक बाटली घेऊन ताबडतोब या. अडचण झाली आहे."

ती गेली. खोलीत चौदा माणसं होती. टेबलावर सातही रंगांची पेनं ओळीनं मांडलेली, आणि पलीकडे चक्क उदबत्ती. दोन मिनिटांची शांतता पाळून झाली होती. फर्निचरवाल्यांचे डोळे खरोखरीच ओले होते. पेनताईनं ओठ आतून चावून धरले.

अडचण अशी होती. कंपनीला पाठवायचं निषेधाचं पत्र तयार होतं. जजसाहेबांनी ते तीन पानी केलं होतं. त्यावर सह्या शाईपेननंच व्हायला हव्यात, असा ठराव एकमतानं झाला. आणि मग लक्षात आलं, की खोलीत चाळीसेक पेनं आहेत आणि शाई एकातही नाही.

"बाटली ही घ्या," पेनताई म्हणाली. "भरा कुणीतरी."

चौदा माणसं एकमेकांकडे पाहू लागली. फर्निचरवाल्यांनी आपली दोन्ही पेनं हळूच कोटाच्या आतल्या खिशात सरकवली. जजसाहेब म्हणाले, खरं तर हा मान अध्यक्षांचा.

डॉक्टर उठले. त्यांचा चेहरा पाहताच पेनताईनं बाटली परत घ्यायला हात पुढे केला.

"मित्रहो," डॉक्टर म्हणाले, "आज मी माझं पारवं देतो."

खोलीतून हुंकार उठला. कुणीतरी टाळी वाजवली. डॉक्टरांनी रुमालानं हात पुसले, पेन उघडलं, बाटलीत बुडवून शाई ओढून घेतली. ते पत्रावर वाकले, सहीचं पहिलं अक्षर काढलं, आणि पेन भळकन ओकलं. निळा थेंब जजसाहेबांच्या शेवटच्या परिच्छेदावर पडला, पसरला, आणि त्यांच्या 'अपरिमित सांस्कृतिक हानी'ला गिळून बसला.

फर्निचरवाले पुढे झाले, पेन निरखून म्हणाले, "डॉक्टर, हा कारखान्यातला दोष आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे सदोष पीस! तपासणीतून निसटलेला. पारव्यात सदोष! असा दुसरा नसेल कुठे."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं दुःख बघता बघता ओसरलं. जजसाहेब खुर्ची सरकवून जवळ आले. त्यांनी आवाज खाली घेतला. "डॉक्टर, माझी दोन सोनेरी निबची पेनं देतो. बदल्यात हे द्या. आत्ता, सगळ्यांसमोर."

"विचार करावा लागेल," डॉक्टर म्हणाले. ते आता पेन छातीशी धरून उभे होते.

तिथून गुपचूप निघून जाता आलं असतं. पेनताईला या सगळ्यांची किळस आली होती, आणि त्या किळसेत आपणही कुठेतरी उभ्या आहोत हे तिला अजिबात आवडलं नाही. तिच्या हातानं घातलेली चिरलेली जीभ पुढे भिंगाखाली मिरवली जाणार होती.

"दोष कारखान्याचा नाही," ती म्हणाली. "माझा आहे. चांगली जीभ मी काढून घेतली. फुटकी घातली."

मग जो गोंधळ झाला त्यात चोरीबद्दल फारसं कुणी बोललंच नाही. पेन आता सदोष म्हणायचं, दुरुस्त म्हणायचं की संमिश्र, यावर वाद पेटला. जजसाहेबांनी आपला देकार मागे घेतला आणि तसं कागदावर नोंदवायला सांगितलं. डॉक्टर तेवढे पेनताईकडे वळले. "माझी जीभ कुठे आहे?"

"छापखान्यात. उद्या चला माझ्याबरोबर."

सोमवारी दोघं छापखान्याचा जिना चढले. मुद्रितशोधक बाई खिडकीशी गठ्ठ्यावर वाकल्या होत्या. पेनताईनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही न लपवता. बाईंनी ऐकलं, हातातलं वाक्य पुरं तपासलं, समासात खूण केली आणि पेन डॉक्टरांपुढे धरलं.

"घ्या तुमची."

डॉक्टरांनी रुमालात पेन घेतलं. खिशातून भिंग काढून निबखाली पाहिलं, आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "लाल शाई?"

"प्रुफं काय निळ्यानं तपासतात?"

"खाचाखाचांत बसलीय हो. हे डाग आता जन्मात निघायचे नाहीत." कुणी वापरलेला दातांचा ब्रश पुढे करावा, तसं त्यांनी पेन परत टेबलावर ठेवलं. "राहू द्या तुमच्याकडेच."

"राहू द्या म्हणजे काय? दिलीत का?"

"हो, म्हणजे... मला आता तिचा काय उपयोग?"

"मग दिली असं म्हणा."

"दिली," डॉक्टर म्हणाले आणि रुमालाला बोटं पुसत जिना उतरून गेले.

पेनताईला हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत.

"त्या तिघांना तू फोन करून विचारलंस," त्या म्हणाल्या. "मला नाही विचारलंस."

"तुम्ही नको म्हणाला असता, बाई."

"हो, म्हणाले असते. सहा दिवस मी परक्याच्या वस्तूवर काम करत होते आणि मला पत्ता नाही. त्या माणसाला तू मूर्ख समजतेस, ते बरोबरच आहे. मला काय समजलीस?"

बाईंनी पुढचं पान ओढलं, तेव्हा पेनताई निघाली.

मंडळानं तिच्याकडची सगळी कामं काढून घेतली. आता त्यांची पेनं कुरियरनं दुसऱ्या शहरातल्या कारागिराकडे जातात. निषेधाचं पत्र शेवटी कॉम्प्युटरवर छापून गेलं. सह्या डॉक्टरांच्या औषध कंपनीच्या बॉलपेननं झाल्या. पेन कंपनीनं चार ओळींत आभार मानले, आणि सोबत मर्यादित संख्येत काढलेल्या नव्या, जाडजूड, चकचकीत पेनाचं माहितीपत्रक धाडलं. चौदापैकी बारा जणांनी ते पेन त्याच आठवड्यात मागवलं. फर्निचरवाल्यांनी अर्थातच दोन.

बाई दोन महिने दुकानात फिरकल्या नाहीत. शाई संपली की छापखान्यातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवायच्या, आणि बाटली नणंदेकडूनच न्यायला सांगायच्या. एका दुपारी मात्र त्या स्वतः आल्या, मागच्या टेबलाशी येऊन बसल्या आणि त्यांनी पेन पुढे सरकवलं.

"निब जरा खरखरतेय. घासशील?"

"घासते," पेनताई म्हणाली. मग थांबली. "थोडा भाग झिजेल. चालेल?"

"चालेल," बाई म्हणाल्या.