अर्थिंगचा खड्डा

म्हाळसाबाईची लंगडी मेंढी नळापाशी मेली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. तिचा नवरा जानकू कळप घेऊन दिवाळीनंतरच कोकणात उतरला होता. ही एक मेंढी पायाला लागलेली म्हणून बोरीतल्या घरी ठेवलेली. मोटर चालू होती, टाकी भरून वाहत होती आणि नळाखाली डबकं साचलं होतं. मेंढीनं डबक्यात पाय ठेवले, लोखंडी पाइपाला तोंड लावलं आणि आडवी झाली. ओरडलीसुद्धा नाही.

सून सुप्रिया तीन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन धावत आली. म्हाळसाबाईनं तिला हातानंच थांबवलं. महिनाभर त्या नळाला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. हात ओला म्हणून असेल, थंडीनं असेल, असं म्हणून दोघींनी तिकडे काणाडोळा केला होता. म्हाळसाबाईनं मीटरखालचं मेन बटन पाडलं आणि मगच मेंढीला बाजूला ओढलं.

घराची लाइट फिटिंग दोन वर्षांपूर्वी दादाभाऊनं केली होती. दादाभाऊ तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. फोन केल्यावर तो आला, पण गाडीवरून उतरला नाही. मेंढीकडे लांबूनच बघून तो म्हणाला की पान लागलं असणार, साप चावल्याशिवाय जनावर असं पटकन मरत नाही. झिणझिण्यांचं विचारलं तर म्हणाला, नव्या घरात थोडंफार असं होतंच. मग कुठलं तरी काम आठवलं म्हणून निघून गेला.

म्हाळसाबाईनं मेंढीचे चारही पाय फिरवून फिरवून बघितले. दात लागल्याची खूण कुठंच नव्हती.

तिचा मुलगा ऋतिक चाकणला कंपनीत होता, महिन्यातून एकदाच यायचा. त्याची वाट बघायला नको म्हणून सुप्रियानं तिच्या माहेरच्या, निरगुडसरच्या, अमृत नावाच्या वायरमनला बोलावलं. तो दुसऱ्या दिवशी आला. चाळिशीचा, शांत माणूस. त्यानं आधीच सांगितलं की बघायचे तीनशे आणि लांबून आलो म्हणून पेट्रोलचे शंभर, काम दिलं नाही तरी एवढे द्यावे लागतील. नुसतं बघायचे चारशे, हे म्हाळसाबाईला तिथंच खटकलं.

अमृतनं दोन तास घर तपासलं. मोटरची वायर पाइपाला घासून सोलली होती, ती त्यानं दाखवली. पण खरा दोष वेगळाच आहे, असं त्याचं म्हणणं होतं. वायर फुटली तरी तो करंट जमिनीत निघून जायला हवा. त्यासाठी मीटरजवळ पाच-सहा फूट खड्डा घेऊन त्यात पाइप पुरतात, मीठ-कोळसा भरतात आणि तिथून हिरवी वायर घरभर फिरवतात. तेच अर्थिंग. तुमच्याकडे हिरवी वायर मीटरपासून जमिनीत गेलेली दिसते, पण खाली काही असेल असं वाटत नाही, असं तो म्हणाला. घरात तर ती कुठल्याच बोर्डाला नव्हती. त्यानं टेस्ट लॅम्पचं एक टोक लाइनला आणि दुसरं हिरव्या वायरला लावून दाखवलं. खाली अर्थिंग असतं तर दिवा लागला असता, तो लागला नाही.

दिवा त्याच्या खिशातला, धरणारा हात त्याचा. लागला काय आणि नाही लागला काय, आपल्याला काय कळणार, असं म्हाळसाबाईच्या मनात आलं.

मग त्यानं कागदावर खर्च लिहून दिला. अर्थिंगचे साडेचार हजार, करंट फुटला की आपोआप बंद पडणाऱ्या ईएलसीबीचे चोवीसशे, आणि प्रत्येक पॉइंटला हिरवी वायर ओढायचे पॉइंटमागं दोनशे. पॉइंट एकतीस. मोटरची वायर त्यातच. बघायचे चारशे धरून साडेतेरा हजार.

“पावणं, दोन वर्सामागं अर्थिंगचे साडेतीन हजार दिल्यात मी,” म्हाळसाबाई म्हणाली. “रोख. चिठ्ठी हाय माझ्याकडं.”

अमृतनं मान हलवली. “मावशी, दिले असतील. मी खड्ड्याचं सांगतोय.”

तो गेल्यावर ती ओसरीवर हिशेब करत बसली. पुतण्या घरचा. हा परका, त्यात सुनेच्या माहेरचा. सुप्रियानं नेमका यालाच का बोलावला? साडेतेरा हजारांतले हजार-दीड हजार तिच्या भावाच्या हातात जाणार नाहीत कशावरून? त्या संध्याकाळी सुप्रियाचा फोन वाजला की तिचे कान तिकडेच लागत होते. सुप्रियाच्याही ते लक्षात आलं. तिनं फोन उचलून सासूपुढं ठेवला आणि म्हणाली, “आत्या, इथंच बसून बोलते. तुमी ऐका.” म्हाळसाबाईला ते लागलं, तरी संशय काही गेला नाही.

बाजाराच्या दिवशी ती बेल्ह्याला गेली. तिथल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात तिनं बहिणीच्या घराचं काम आहे असं खोटंच सांगून भाव काढले. दुकानदार म्हणाला की बघायला येणारे दोनशे-तीनशे घेतातच. नव्या फिटिंगला नुसती मजुरी पॉइंटमागं अडीचशे ते साडेतीनशे, जमीन कशी लागते त्यावर अर्थिंग तीन ते पाच हजार. भिंती न फोडता नुसती एक वायर ओढायची तर दोनशे बरोबर आहेत. म्हणजे अमृतचा भाव काही अव्वाच्या सव्वा नव्हता. निघता निघता तिनं आणखी एक विचारलं, पॉइंट मोजतात कसे. पंखा, दिवा, प्लग हे एकेक पॉइंट, पंख्याचा रेग्युलेटर वेगळा धरत नाहीत, दुकानदार म्हणाला.

घरी येऊन तिनं प्रत्येक खोलीत उभं राहून बोटांवर पॉइंट मोजले. सव्वीस भरले. पंखे पाच. रेग्युलेटर पाच.

म्हणजे अमृतही पाच पॉइंट जास्तीचे लावत होता. हजार रुपये. आता तिला दोघांचाही भरवसा वाटेना. एक वर चढवत होता, आणि दुसऱ्यानं काय केलं होतं ते जमिनीखाली होतं. मीटरखालच्या त्या जागी दादाभाऊनं सिमेंटचा गिलावा करून टाकला होता. खणायचं तर घरच्या माणसावर आळ घेतल्यासारखं. भावकीत बोभाटा झाला असता, आणि खाली पाइप निघाला असता तर दिराला तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

शुक्रवारी तिनं दादाभाऊला जेवायला बोलावलं. तो आला, ओसरीवर बसून त्यानं जानकूची, कळपाची चौकशी केली. सुप्रियानं ताट वाढायला घेतलं. म्हाळसाबाई म्हणाली, आधी हातपाय धुऊन ये. तो उठला आणि मोरीकडे निघाला, घरातल्या बादलीकडे.

“बादली रिकामी हाय,” ती म्हणाली. “नळावर धू.”

दादाभाऊ नळापाशी गेला. डबकं अजून ओलंच होतं. तो डबक्याच्या कडेला उभा राहिला, पायात चपला तशाच. एकदा त्यानं मोटरकडे बघितलं, एकदा मीटरकडे. खिशातून रुमाल काढून नळाच्या चावीवर टाकला, मग तोही उचलून घेतला.

“असू दे काकू. सकाळीच आंघोळ केलीय.”

“हात धुवायला काय व्हतंय? नव्या घरात असं व्हतंच म्हनलास ना तू?”

त्यानं त्याच रुमालानं तोंड पुसलं. कपाळावर घाम आला होता, आणि ऊन काही तेवढं नव्हतं.

म्हाळसाबाई उठली. अनवाणी डबक्यात उतरली. दादाभाऊनं “काकू, नको,” म्हणत तिचा दंड धरायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. तिनं चावी फिरवली, तांब्या भरला, ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं.

“मेन बटन मी आदीच पाडलंय,” ती म्हणाली. “तुला म्हाईत न्हवतं. पन खाली काय न्हाई, ते तुला म्हाईत व्हतं.”

सुप्रिया दारात ताट घेऊन उभी होती. तिनं ते हळूच खाली ठेवलं.

पहार दादाभाऊनं स्वतःच मागितली. गिलावा दोन घावांत फुटला. वीतभर मातीखाली हिरवी वायर निघाली. टोकाला गोल वेटोळं करून तिच्यावर एक दगड ठेवलेला. पाइप नाही, कोळसा नाही, मिठाचा कण नाही. तो तिथंच उकिडवा बसला. मग बोलला. तेव्हा नवीनच धंदा होता, सामानाची उधारी झाली होती, पुढच्या महिन्यात येऊन खड्डा घेऊ असं मनात होतं. मग राहून गेलं, आणि राहिलेलं सांगायची लाज वाटली. मेंढीचं कळलं त्या दिवसापासून झोप लागत नव्हती, असंही म्हणाला. साप का म्हणालास, असं तिनं विचारलं. तो वायरचं वेटोळं सोडवत राहिला.

म्हाळसाबाईच्या डोळ्यांपुढं मेंढी नव्हती. नात रोज त्याच डबक्यात कागदाच्या होड्या सोडायची. म्हाळसाबाई घरात जाऊन नातीला मांडीवर घेऊन बसली. जेवण तसंच राहिलं.

शनिवारी अमृत आला. म्हाळसाबाईनं त्याला पाच रेग्युलेटर मोजून दाखवले आणि ते पॉइंट धरणार नाही म्हणाली. तो थोडा ओशाळला. आमच्याकडे धरतात, असं काहीतरी पुटपुटला आणि आकडा खोडला. खड्डा दादाभाऊनं खणला. खाली मुरूम लागला, पाच फुटांना दीड दिवस गेला, हाताला फोड आले. खणाईचे हजार अमृतनं कमी केले. काम साडेअकरा हजारांत झालं. पैसे म्हाळसाबाईनं सुप्रियाच्या हाती दिले आणि तुझ्या हातानंच दे म्हणाली. एवढ्यावर सुप्रियाचं समाधान झालं का, हे तिनं विचारलं नाही. सुप्रियानं नोटा मोजून अमृतच्या हातात दिल्या.

मुरूम ओढताना दादाभाऊ एकदा म्हणाला, जानकूकाकाला एवढं सांगू नका. म्हाळसाबाईनं त्याला शब्द दिला नाही. उलट विचारलं, “अशी आनखी किती घरं हायती?”

तो पहार धरून उभा राहिला. मनातल्या मनात मोजलं. “सात.”

त्यानं सांगितलं की एकेकाकडे जाऊन सांगेन, खड्डे घेऊन देईन, सवडीनं. सवडीनं म्हणून राहून गेलेला एक खड्डा म्हाळसाबाईनं नुकताच बघितला होता. सोमवारी सकाळी ती डोक्यावर पदर घेऊन त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. गाडी काढ म्हणाली आणि त्याच्या मागं बसली.

पहिलं घर भागू नावाच्या म्हाताऱ्या विधवेचं होतं, ओढ्यापलीकडं. अंगणात कपडे धुण्याचं मशीन चालू होतं आणि म्हातारी ओल्या फरशीवर उभी राहून त्यात कपडे टाकत होती. दादाभाऊनं गाडी थांबवली, पण तो बसूनच राहिला. म्हाळसाबाई उतरली.

“आदी बटन पाड,” ती त्याला म्हणाली. “मग बोल. मी हाय हितंच.”

तो उतरला आणि मीटरकडे पळाला.