अर्धी भरलेली प्लेट

मोनालीला गप्प बसणं कधी जमलंच नाही. फुलचूरला घरी आई म्हणायची, या पोरीच्या तोंडाला कुलूपच नाही. पुढे पोरगी डॉक्टर झाली, पण कुलूप काही लागलं नाही.

तिचा अभ्यास होता सेप्सिसचा, म्हणजे संसर्ग रक्तात भिनून सगळं अंग पोखरतो त्या आजाराचा. यात संरक्षक पेशींवरचा एक रिसेप्टर, म्हणजे संदेश टिपणारं प्रथिन, सुटून रक्तात उतरतो. तो जितका जास्त सापडेल, तितका जिवाला धोका. मोजणीची, बारीक खळग्यांची प्लेट महागडी. म्हणून नमुने फ्रीजरमध्ये साठवायचे आणि प्लेट भरण्याइतके जमले की एकदम तपासायचे, अशी रीत.

सालेकशाकडची कलाबाई तेंदूपानं तोडताना पायात काटा रुतून दवाखान्यात आली, तेव्हा पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि ती बरळत होती. रक्त घेताना मोनालीनं तिच्या नवऱ्याला, खेमराजला, मोठ्या हौसेनं सांगितलं की, आतलं खरं दुखणं या तपासणीत कळतं. त्यानं ते मनात धरून ठेवलं.

औषधं लागू पडली. ताप उतरला, कलाबाई उठून बसली, पेज प्याली. दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा खेमराजनं विचारलं, "बाई, तुमची तपासणी का म्हणते?"

प्लेट अर्धीसुद्धा भरली नव्हती. तेवढं सांगायला काय जात होतं? पण त्याचा उजळलेला चेहरा पाहून तिची जीभ सुटली. "चांगली हाये, काका. चिंता करू नोका."

घरी गेल्यावर कलाबाई गार पडू लागली, झोपाळली. असं झालं तर लगेच आणा, म्हणून वॉर्डात बजावलं होतं. पण तपासणी चांगली म्हटल्यावर खेमराजला तो नुसता अशक्तपणा वाटला. आणली तेव्हा फार उशीर झाला होता.

पुढे प्लेट भरली. सुटीच्या दिवशीचा कलाबाईचा नमुना सगळ्यांत गडद पिवळा झाला, म्हणजे रिसेप्टर सगळ्यांत जास्त. मोनालीनं नमुन्यावरचं नाव पुन्हा ताडून पाहिलं.

कलाबाईची तेरवी आटोपून खेमराज मुद्दाम तिला भेटायला आला. "तुमी मनाले लावून घेऊ नोका, बाई. तुमची तपासणी तं चांगलीच होती. मीच उशीर केलो."

आज ती गप्प बसली असती, तर कोणाला कळलंही नसतं.

"काका, तवा तपासणी झालीच नोहती. मी उगाच बोलली."

खेमराज रागावला नाही. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मंग बाई," तो हळूच म्हणाला, "मी घरी कायले थांबलो?"