चोवीस स्क्रू आणि एक ‘न्हाई’

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची बोट आहे. वयाने चाळिशी ओलांडली आहे. या वयात आपलीच लाजिरवाणी गोष्ट सांगणं जड जातं, पण सांगितल्याशिवाय मन हलकं होत नाही.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका शेडमध्ये झाला. फायबरचं अंग, उंच डोलकाठी, चार माणसं बसतील एवढी केबिन आणि केबिनच्या दोन्ही बाजूंना एकेक लांबट खिडकी. या खिडक्या उघडत नाहीत. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचं तावदान बारा स्क्रूंनी अंगाला धरलेलं असतं आणि मध्ये रबरासारख्या सीलंटचा थर असतो. स्क्रू फक्त तावदान जागेवर धरतात; पाणी अडवतो तो थर.

वीस वर्षं मी समुद्रावर धावले. शर्यतीही जिंकल्या. मग मालक परदेशी गेला आणि मी एका चिंचेखाली पडून राहिले. तिथून मला सुभेदार उदयसिंहांनी आणलं. लष्करात असताना ते शिडाची बोट चालवायला शिकले होते. निवृत्तीनंतर धोम धरणाकाठच्या आपल्या गावी त्यांना तोच नाद पुन्हा लागला. खंडाळ्याला ट्रक थांबला तेव्हा चहावाल्याने विचारलं, “हिला दर्या सोडून हिकडं कुठं आणली वो?” सुभेदार नुसते हसले. मला तेव्हा फार बरं वाटलं.

माझी तावदानं उन्हाने दुधाळ झाली होती आणि सीलंटचे तुकडे पडत होते. ती बदलायला सुभेदारांनी सांगलीजवळच्या माधवनगरहून अंजनाताईंना बोलावलं. बसगाड्यांच्या काचा बसवण्याचं त्यांच्या नवऱ्याचं दुकान होतं. तो गेल्यावर दुकान त्यांनी चालवलं. त्यांचा हात इतका सफाईदार की गावातली माणसं बघायला काठावर येऊन बसायची.

त्यांनी जुनं सीलंट खरवडून काढलं, स्पिरिटने अंग पुसलं, नवी तावदानं मापात कापली. स्क्रूची भोकं मुद्दाम थोडी मोठी ठेवली, कारण तावदान उन्हात फुगतं आणि गारव्यात आकसतं. मग काळं सीलंट भरून स्क्रू हलकेच टेकवले.

निघताना त्या म्हणाल्या, “सुभेदार, ह्या स्क्रूंना आता हात लावायचा न्हाई. सीलंटचं रबर हुऊ द्या. आठ दिसांनी मी येतो आन् शेवटचा पेच देतो.”

“आवं ताई, पन परवा पावनं यायचं हायत.”

“पावन्यांना आठ दिस उशिरा बोलवा.”

पाहुणे होते लालासाहेब. धरणावर पर्यटकांसाठी त्यांच्या आठ बोटी चालायच्या. माझं काम पसंत पडलं तर आठही बोटींच्या खिडक्या ते अंजनाताईंना देणार होते. ताईंच्या दुकानाला वर्षभर पुरेल एवढं काम होतं ते.

ताईंची एसटी गेली आणि दुपारी सुभेदार स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. लष्करातल्या माणसाला ढिला स्क्रू बघवत नाही. त्यांनी एकेक करून चोवीसच्या चोवीस स्क्रू करकचून आवळले. कडेने काळं सीलंट भसाभस बाहेर आलं, ते त्यांनी फडक्याने पुसून टाकलं. मित्रांनो, इथे माझीही चूक आहे. स्क्रूपाशी कळ आली होती, आतला थर निघून जातोय हेही मला कळत होतं. पण खिडक्या इतक्या चकचकीत दिसू लागल्या की मी दुखणं विसरून स्वतःच्याच रूपावर भाळले.

पाहुण्यांचा दिवस आला. वारा चांगला होता. मी एका अंगावर झुकले तशा लाटा खिडकीवर आपटू लागल्या. लालासाहेब आत खिडकीला टेकून बसले होते. पाण्याची एक धार त्यांच्या मानेवरून थेट पाठीत उतरली. ते दचकून उठले, तर दुसरी धार सुभेदारांच्या पत्नीच्या, शालूबाईंच्या मांडीवरच्या जेवणाच्या डब्यात. मला पाण्याच्या तळाशी जावंसं वाटलं.

काठावर आल्यावर सुभेदारांचा चेहरा लाल झाला होता. दहा माणसांसमोर त्यांनी फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा.

“अंजनाबाई, ह्ये काम म्हनायचं का? बोट हाय का चाळन?”

पलीकडून आवाज आला, “सुभेदार, स्क्रूला हात लावला व्हता का तुमी?”

सगळे सुभेदारांकडे बघत होते. लालासाहेब पाठ पुसत होते.

“न्हाई,” सुभेदार म्हणाले.

“बरं,” अंजनाताई म्हणाल्या. बस्स, एवढंच.

लालासाहेबांनी तिथेच सांगून टाकलं, “ऱ्हाऊ द्या मग. आमच्या बोटींचं मी दुसऱ्याला सांगतो.”

आवळलेले चोवीसही स्क्रू माझ्या अंगात होते, पण बोलायला तोंड नव्हतं.

त्यानंतर सुभेदारांनी बाथरूमला लावतात तसली पांढरी सिलिकॉन आणून खिडक्यांच्या कडेने बाहेरून थापली. पाणी थांबलं नाही. आत आलेलं मात्र तावदानामागेच साचून राहू लागलं. गाद्यांना कुबट वास आला. सुभेदार महिना दीड महिना माझ्याकडे फिरकले नाहीत. रस्त्याने जाताना मान दुसरीकडे वळवायचे. मला वाटायचं, ते माझ्यावर रागावलेत. नंतर कळलं, त्यांना मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

एका सकाळी शालूबाई गाद्या वाळवायला आल्या. सुभेदार नाइलाजाने मागोमाग. शालूबाईंचं बोट तावदानावर थांबलं. स्क्रूपासून एक तडा निघाला होता.

“आवं, नव्या तावदानाला तडा कशानं गेला?”

सुभेदार फळीवर बसले. बराच वेळ गादीची शिवण उसवत राहिले. “मी आवळलं स्क्रू. तिनं नगं म्हनलं व्हतं.”

“आन् फोनवर न्हाई म्हनला?”

“व्हय.”

शालूबाई ओरडल्या नाहीत. “मला सांगून काय उपेग? जितक्या मानसांत न्हाई म्हनला, तितक्याच मानसांत सांगा,” म्हणाल्या.

सुभेदार स्वतः माधवनगरला जाऊन अंजनाताईंना घेऊन आले. काठावर त्यांनी लालासाहेबांना आणि त्या दिवशीच्या माणसांना बोलावलं. टोपी काढून हातात धरली. “चूक माझी हाय. ताईंचं काम चोख व्हतं. मी ते बिघडवलं आन् वर खोटं बोललो.”

लालासाहेब खाली बघत म्हणाले, “ताई, आमचं काम पुन्याच्या मानसाला दिऊन झालं. दोन बोटी अजून ऱ्हायल्यात, त्या तेवढ्या…”

“आदी ह्या बोटीचं हुंदे,” ताई म्हणाल्या. मग सुभेदारांकडे वळल्या. “ही पांढरी सिलिकॉन तुमी थापली न्हवं? मग ती तुमीच काढायची. कणभर ऱ्हायली तरी नवं सीलंट धरत न्हाई.”

दोन दिवस सुभेदार गुडघ्यावर बसून ती खरवडत होते. बोटं सोलवटली. तिसऱ्या दिवशी ताईंनी नवी तावदानं बसवली. आठ दिवस सुभेदार काठावर येत, हात पाठीमागे बांधून उभे राहत, आणि मला न शिवता परत जात. नवव्या दिवशी ताईंनी शेवटचा पेच दिला आणि सुभेदारांना केबिनमध्ये बसवून बाहेरून बादल्या बादल्या पाणी खिडकीवर मारलं.

“आलं का?”

“न्हाई,” आतून आवाज आला. मग सुभेदार कोरडा तळवा बाहेर काढून म्हणाले, “खरंच न्हाई वो ताई.”

ताई हसल्या. कितीतरी दिवसांनी त्या हसताना मला दिसल्या. उरलेल्या दोन बोटी ताईंना मिळाल्या, तरी लालासाहेबांच्या सहा बोटींचं काम गेलं ते गेलंच. त्या बोटी माझ्या शेजारून जातात तेव्हा मी आजही त्यांच्या खिडक्यांकडे बघू शकत नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना ऊन, वारा, पाणी सोसतं, पण माणसाची घाई सोसत नाही. ज्याने वस्तू दुरुस्त केली त्याने थांब म्हटलं, तर थांबा. आणि न राहवून हात लावलाच, तर विचारल्यावर हो म्हणा.