चार बोटांचा फरक

पदार्थविज्ञानाच्या त्या वर्गात तिला सगळे शंका म्हणत. तास संपत आला, पोरांनी वह्या पिशव्यांत कोंबल्या, की हिचा हात वर: "सर, एक शंका." मागच्या बाकांवरून उसासे निघत. पण परीक्षेत पहिली यायची तीच, त्यामुळे उसाशांपलीकडे कोणी जात नसे.

सरांचं नावही पोरांनीच ठेवलेलं: गुरुत्व सर. बोलणं वजनदार, चालणं वजनदार, आणि जवळ आलेला माणूस हळूहळू त्यांच्याभोवतीच फिरू लागायचा. शिकवायचे मात्र सुरेख. ते शत्रूनेही कबूल करावं. दर वर्षी ते एकाच विद्यार्थ्याला स्वतःच्या प्रयोगशाळेत घेत. बाकीचे पदवी घेऊन कुठेतरी चिकटत. तो एक संशोधनाला जाई, कारण मोठ्या विद्यापीठांची दारं सरांच्या शब्दाशिवाय किलकिलीही होत नसत. शंकाला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की सरांनी दुसऱ्या कुणाला शाबासकी दिली तरी तिच्या पोटात दुखायचं.

आता सरांच्या गोळ्याविषयी. कलिंगडाएवढा लोखंडी गोळा, छताच्या आकड्याला लांब तारेने टांगलेला. दर सत्रात एक दिवस सर एखाद्याला फळ्यापुढे उभं करत, गोळा ओढून त्याच्या हनुवटीला टेकवत आणि सोडून देत. गोळा समोर झोका घेऊन परत येई आणि हनुवटीच्या जरासा अलीकडून मागे फिरे. जिथून सोडला त्याच्या पुढे तो येऊच शकत नाही. जादा ऊर्जा आणणार कुठून? उभं राहिलेल्याने हलायचं नाही. न हलणारा मर्द, डोळे मिटणारा काठावर पास आणि मागे सरणारा जन्माचा भित्रा, असा त्या विभागाचा अलिखित कायदा होता.

त्या वर्षी सरांनी शंकाला बोलावलं. वर्गात पाहुणे बसले होते, त्यांच्यामागे कॅमेराही होता, आणि सरांच्या अंगात नट संचारला होता. "हा गोळा माणसं ओळखतो," ते म्हणाले. सगळे हसले. मग "एक, दोन, तीन" म्हणत त्यांनी गोळा सोडला. म्हणजे समोरून पाहणाऱ्यांना तसं वाटलं. तिने मात्र हनुवटीखाली त्यांचा तळवा पुढे रेटलेला पाहिला. गोळा अगदी हनुवटी पुसून जावा, पाहुण्यांचा श्वास अडकावा, एवढीच हौस असणार. पण रेटला तो रेटलाच. गोळा लांब गेला, परत फिरला, आणि ती एक पाऊल मागे सरली.

तिची हनुवटी जिथे होती, त्याच्याही चार बोटं पुढे येऊन गोळा वळला. ते बाजूने दिसत होतं. समोरच्यांना काय दिसलं? पहिली येणारी पोरगी घाबरून मागे पळाली.

वर्ग खदाखदा हसला. सरही हसले. "ज्यांचा नियमावर विश्वास नाही, त्यांनी दुसरं काहीतरी शिकावं."

"सर, एक शंका," ती म्हणाली. "तुम्ही गोळा सोडला नाहीत. ढकललात."

हसू जागच्या जागी विरलं. सरांनी शांतपणे वर्गाकडे पाहिलं. "कोणी पाहिलं असं?"

बाजूच्या बाकावर तिची मैत्रीण बसली होती. तिने सगळं पाहिलं होतं. ती मान खाली घालून पेनाचं टोपण लावत राहिली, काढत राहिली.

"मी पाहिलं गं," बाहेर पायऱ्यांवर ती म्हणाली. "पण बोलून काय मिळालं असतं? तुझं गेलंच आहे, माझंही गेलं असतं."

त्या दिवसापासून शंकाचा हात वर गेला, तर सर खिडकीबाहेर पाहत. घरी मावशीने सगळं ऐकून घेतलं. मावशी इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभी राहून तिचे पाय सुजत, आणि भाचीला शिकवायचंच हा तिचा हट्ट होता. "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये बाई," ती म्हणाली. "जा, पाया पड आणि मोकळी हो."

निवडीच्या आदल्या दिवशी सरांनीच तिला केबिनमध्ये बोलावलं.

"गुण तुझेच जास्त आहेत," ते म्हणाले. "तुला घ्यायची माझी इच्छा आहे. पण का सरकलीस, ते उद्या वर्गाला सांग. भीती वाटली म्हणून. एवढंच."

"सर, नियमावर विश्वास होता म्हणूनच सरकले. ढकललेला गोळा पुढे येणारच."

"ते तुला माहीत आहे," सर सावकाश म्हणाले, "आणि मलाही."

क्षणभर तिला वाटलं, जिंकले. मग तिला कळलं की एवढीच कबुली तिला मिळणार होती, आणि तीही फक्त या बंद दाराआड.

रात्रभर ती स्वतःशी भांडली. सकाळी मावशी सुजलेल्या पायांत चपला कशाबशा कोंबून कामाला निघाली, तेव्हा भांडण संपलं.

वर्गात ती उभी राहिली. "त्या दिवशी मी घाबरले होते. सरांनी गोळा नीटच सोडला होता." आवाज तिचाच होता, याचंच तिला नवल वाटलं. मैत्रीण एकटक बाकाकडे पाहत होती.

सरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्या वर्गाने वाजवल्या. "चूक कबूल करायला छाती लागते," ते म्हणाले. "प्रामाणिकपणा हा शास्त्रज्ञाचा पहिला गुण. अशाच माणसाला मी माझ्या प्रयोगशाळेत घेतो."

संध्याकाळी मावशी दारातच वाट पाहत होती. "झालं का गं? काय म्हणाले सर?"

"घेतलं मला," ती म्हणाली. "मी प्रामाणिक आहे म्हणाले."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने भिंतीपलीकडच्या शेजारणीला हाक मारली आणि तेच वाक्य मोठ्याने, दोनदा सांगितलं.