डबल बेल

एका दिवसात नऊ ठिकाणं दाखवणार, असं सहलीच्या पत्रकात ठळक छापलं होतं. एक ना धड भाराभर चिंध्या, हे अक्काला वाचतानाच कळलं होतं; पण सहल मुलाने घडवलेली, तो आणि सून बरोबर आलेले, म्हणून ती गप्प राहिली. सरकारी बसमध्ये एकतीस वर्षं कंडक्टरकी करून ती निवृत्त झाली, तेव्हा मुलगा म्हणाला होता, आई, जन्मभर लोकांना फिरवलंस, आता परदेशात जाऊन तू बसून फीर. अट मात्र घातली. तिकडे माणसं मोजायची नाहीत, कुणाला पुढे सरका म्हणायचं नाही आणि ड्रायव्हरच्या कामात नाक खुपसायचं नाही. अक्काने त्याच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

तो शब्द सकाळी सातलाच अर्धा मोडला. टूर मॅनेजरने माणसं मोजली, बेचाळीस भरली म्हणाला आणि गाडी सोडायला सांगितली. अक्काने नुसती नजर फिरवली तर एक्केचाळीसच. बेचाळिसावे काका हॉटेलच्या बाथरूममध्ये होते. तिच्यामुळे ते गाडीत आले, पण आभार वगैरे काही नाही. बसल्याबसल्या त्यांनी खिशातून नऊ ठिकाणांची यादी काढली आणि पेनाचं टोपण उघडून ठेवलं. मुलाने आईकडे डोळे वटारून पाहिलं. अक्का खिडकीबाहेर बघू लागली.

टूर मॅनेजर हातात पिवळी छत्री घेऊन पुढे पळायचा आणि दर दोन मिनिटांनी 'चला चला' म्हणायचा. सुनेने त्याचं नावच चलाचला ठेवलं. चलाचलाने सकाळभरात त्यांना एक संग्रहालय दाखवलं, म्हणजे दुसऱ्या सहलीच्या लोकांच्या पाठी दाखवल्या. एका मनोऱ्यासाठी पाऊण तास रांगेत उभं केलं आणि वर सहा मिनिटं दिली. एक तळं तर धावत्या गाडीतूनच उरकलं; डावीकडे बघा, फोटो काढा, झालं. काकांनी तळ्यावरही इमानेइतबारे खूण केली. दुपारपर्यंत सुनेच्या नव्या बुटांनी तिच्या टाचा सोलल्या होत्या आणि ती हॉटेलच्या कागदी सपाता घालून फरफटत चालली होती. ज्यांनी पैसे भरून हा छळ विकत घेतला होता, त्या सगळ्यांचे चेहरे लग्नघरातल्या तिसऱ्या दिवसासारखे झाले होते.

जेवताना चलाचला ड्रायव्हरचं कौतुक करायला लागला. म्हणे, काल दिवसभर दुसऱ्या ग्रुपला फिरवलं, पहाटे चारला त्यांना विमानतळावर सोडलं आणि तसाच आपल्याकडे आला. माणूस नाही, लोखंड आहे. सगळे वा वा म्हणाले. अक्काने मात्र बोटांवर तास मोजले.

ती नेहमीप्रमाणे पुढच्या दाराजवळच्या सीटवर बसली होती. आता तिने रस्ता बघणं सोडलं आणि ड्रायव्हरकडे बघायला सुरुवात केली. पन्नाशीचा, अंगाने भरलेला, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. त्याने बाजूची काच चार बोटं खाली केली. मांडीवर दोन चापट्या मारल्या. कान चोळला. मग गाडी रस्त्याकडेच्या खडबडीत पट्ट्यावर गेली, चाकांखाली घुर्र वाजलं आणि त्याने दचकून ती आत घेतली. दहा मिनिटांनी पुन्हा घुर्र. मागे लोक माना टाकून झोपले होते. झोपायचा हक्क नसलेला एकच माणूस गाडीत होता आणि त्यालाच झोप अनावर झाली होती.

सातवं ठिकाण डोंगरमाथ्यावर होतं. पुढची दोन ठिकाणं डोंगर उतरून पलीकडे: एक अत्तराचा कारखाना, जो दुकानच असणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, आणि नंतर कारंजी. माथ्यावर पंधरा मिनिटं मिळाली. सगळे दरी बघायला गेले. अक्का गाडीपाशीच थांबली. ड्रायव्हरने हातांची घडी स्टिअरिंगवर ठेवली, वर डोकं टेकलं आणि तत्क्षणी झोपला. पाच मिनिटं झाली नसतील, तोच चलाचलाने छत्रीच्या दांड्याने काच वाजवली. ड्रायव्हर धडपडत उठला. दोन्ही तळव्यांनी तोंड पुसून त्याने समोर पाहिलं, पण त्याला समोरचं काही दिसत नव्हतं.

हा चेहरा अक्काच्या ओळखीचा होता.

चौदा वर्षांपूर्वी तिच्या गाडीवर दादा ड्रायव्हर होते. अकरा वर्षांची जोडी, भावासारखा माणूस. सलग दुसरी ड्युटी करत होते. एका थांब्यावर म्हणाले, अक्का, दहा मिनिटं डोळा लावतो गं. अक्काने घड्याळ दाखवलं. आधीच वीस मिनिटं उशीर, वर नियंत्रकाची बोलणी कोण खाणार? तिने बेलची दोरी दोनदा ओढली. डबल बेल झाली की ड्रायव्हर गाडी सोडतो, दादांनीही सोडली. सहा मैलांवर गाडी पुलाच्या कठड्यावर चढली. कुणी मेलं नाही, पण दोन प्रवाशांची हाडं मोडली आणि दादांना घरी बसवलं. चौकशीत अक्काने खोटं सांगितलं की कुत्रं आडवं आलं. त्याचा उपयोग झाला नाही. त्या चौकशीत तिला बावीस प्रश्न विचारले. बेल कोणी दिली, हे एकानेही विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. पुढे दादा एका गोदामाच्या फाटकावर राखणदार म्हणून बसले, भेटले की हसून चहा पाजायचे. तो चहा तिला आजवर पचला नव्हता.

सगळे गाडीत चढले. अक्का शेवटी चढली आणि दारातल्या पहिल्या पायरीवरच उभी राहिली. दार उघडं असलं की ही गाडी हलत नाही, हे तिने सकाळीच हेरलं होतं. कुणाच्या तरी पिशवीचा बंद दारात अडकला तेव्हा ड्रायव्हरचा नाइलाज झाला होता.

चलाचला म्हणाला, "मावशी, आत या. दार लावायचंय."

"नाही लावायचं. हा माणूस अर्धा तास झोपेल, मग लावू."

आधी त्याला चेष्टा वाटली. मग त्याने ड्रायव्हरला त्याच्या भाषेत सगळ्यांसमोर विचारलं, दमलायस का? ड्रायव्हरने अक्काकडे पाहिलं, चलाचलाकडे पाहिलं आणि मान हलवून नाही म्हटलं.

"बघा, तोच नाही म्हणतोय."

"असं विचारलं तर नाहीच म्हणणार," अक्का म्हणाली. "स्वतःच्या पोटावर पाय कोण देईल? त्याला मध्ये ओढू नका. थांबायचंय मला."

गाडीत कुजबुज सुरू झाली. यादीवाले काका उठून उभे राहिले. दोन ठिकाणं राहिली आहेत, पैसे नऊ ठिकाणांचे भरलेत, एका बाईच्या लहरीसाठी चाळीस जणांनी का थांबायचं, असं त्यांनी ऐकवलं. सून सीटवरून वाकून हळूच म्हणाली, आई, चक्कर येतेय म्हणा ना, सगळे गप्प बसतील. सूचना शहाणपणाची होती. पण खोटं एकदा सांगून झालं होतं.

मग मुलगा आला. त्याचे कान लाल झाले होते.

"आई, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. आता मोडला. काय बोलायचंय ते घरी गेल्यावर बोल, ऐकून घेईन. पण ही गाडी या माणसाच्या हातात मी डोंगराखाली जाऊ देणार नाही."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. म्हणायला जिवंत तरी राहतील."

चलाचलाने शेवटचं शस्त्र काढलं. कंपनीचा फॉर्म आहे, प्रवाशामुळे उशीर झाला तर तुमच्या नावावर जाईल, पुन्हा आमच्याकडे बुकिंग मिळणार नाही. अक्काने हात पुढे केला आणि म्हणाली, आण तो फॉर्म. नऊ ठिकाणं एका दिवसात पुन्हा बघायला न मिळाल्याचं दुःख तिला कसं होणार होतं?

एवढ्यात इंजिन बंद झालं. ड्रायव्हरने किल्ली फिरवून काढली होती. त्याला एक शब्दही कळला नव्हता, पण बाई कुणासाठी भांडते हे कळायला भाषा लागत नाही. तो उठला, किल्ली अक्काच्या हातात दिली, तिच्याच रिकाम्या सीटवर जाऊन बसला आणि त्याने डोळे मिटले. क्षणभरात घोरणं सुरू झालं. साधंसुधं नव्हे, पार मागच्या सीटपर्यंत ऐकू जाणारं, दोन दिवसांचं थकलेलं घोरणं. लोक एकमेकांकडे बघू लागले. मग एकेकाची नजर खिडकीतून खाली गेली, जिथे उताराचा रस्ता वळणं घेत दरीत जात होता. काकांनी यादीची घडी घातली आणि पेनाला टोपण लावलं.

 मुलगा खाली येऊन आईशेजारी पायरीवर टेकला.   अक्काही पदर सावरून खाली बसली. मुलाने मागे वळून माणसं मोजली आणि हळूच म्हणाला, बेचाळीस, बरोबर?

"बरोबर."

ड्रायव्हर पन्नास मिनिटांनी उठला. खाली उतरून त्याने बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलं. अक्काने त्याचे डोळे नीट निरखले, मगच किल्ली दिली. तो जागेवर बसला. चलाचला म्हणाला, चला चला. गाडी सुरू झाली, पण हलली नाही. ड्रायव्हर आरशातून अक्काकडे बघत थांबला होता.

अक्काने बोटाने त्याला जरा थांबायची खूण केली. फॉर्म तिच्या हातात आला होता. उशिराचं कारण या रकान्यात चलाचलाने आधीच 'प्रवाशाची प्रकृती' असं लिहून ठेवलं होतं. तिने त्यावर आडवी रेघ मारली. त्याच्या खालीच आणखी एक रकाना होता: उशीर कोणामुळे झाला?

चौदा वर्षांनी का होईना, कोणीतरी विचारलं होतं. अक्काने मुलाकडून पेन घेतलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: कंडक्टरने बेल दिली नाही. खाली पूर्ण सही केली, कागद चलाचलाच्या हातात ठेवला आणि पायरी चढून आत आली.

दार लागलं. मग तिने दाराजवळच्या लोखंडी दांडीवर बोटांची पेरं दोनदा वाजवली, आणि गाडी निघाली.