यमुनेच्या मिशा

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे. वसईच्या एका वाडीतल्या घरात मी भिंतीवर टांगलेली असते. घराचा मालक नरहरी दसऱ्याला मला झेंडूची माळ घालतो, माझ्यासोबत फोटो काढतो आणि मग वर्षभर ढुंकूनही पाहत नाही. या माणसाची मला किळस येते.

लोहाराने मला घडवले ते यमुना नावाच्या एका मुलीच्या भावासाठी. तेव्हा वसईच्या किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला होता. भाऊ तापाने गेला. यमुनेने त्याचे पागोटे चढवले आणि 'येमाजी' होऊन ती पथकात शिरली. चढाईच्या दिवशी पथकाचा नाईक जखमी होऊन खंदकात पडला. मिशांना पीळ देणारे सगळे वीर मागे पळाले. यमुनेने एका हाताने मला चालवत नाईकाला पाठीवर घालून आणले.

"येमाज्या, वाघ आहेस!" नाईक म्हणाला.

मग तिच्या खांद्याची जखम बांधताना ती बाई असल्याचे कळले. त्याच नाईकाने तोंड फिरवले. "बाईने वाचवलं म्हणून सांगत फिरू? हाकला तिला!"

ती गेली, पण मला घेऊन. पुढे ती याच घरात सून म्हणून आली.

यंदा नरहरीने गावच्या कार्यक्रमात मोठा फ्लेक्स लावला. 'आमचे पूर्वज, शूर येमाजी'. चेहऱ्यावर झुपकेदार मिशा! खाली टेबलावर मी.

नरहरीची सून मेघना म्हणाली, "बाबा, ही तर यमुना. आजींनीच सांगितलंय."

"गप्प बस. बाईच्या नावाला कोण टाळ्या वाजवणार?"

तेवढ्यात त्याची आई, आनंदीबाई, काठी टेकत मंचावर चढल्या. "नरू, माझ्या सासूने हे नाव मला सांगितलं, तिला तिच्या सासूने. या घरच्या बायकांनी जपलेलं नाव तू पुसतोस? मेघना, काढ गं त्या मिशा."

मेघनाने मला उचलले आणि फ्लेक्सवरच्या मिशा सर्रकन कापून काढल्या. खंदकानंतर इतके चांगले काम मला मिळाले नव्हते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नरहरीने लगेच माईक ओढला. "आमच्या घराण्यात पहिल्यापासूनच बायकांना मान!" निर्लज्ज!

मित्रांनो, मला तेल लावा, घासूनपुसून ठेवा, असे मी सांगणार नाही. गंजले तर गंजले. पण ज्या हाताने मला चालवले, त्याचे नाव तेवढे खरे सांगा.