हरबऱ्यातला काळवीट

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि तुमची करमणूक करायला बसलेलो नाही. माझी काच बुरशीने पांढरी झाली आहे, कातडी पट्टा झुरळांनी कुरतडला आहे. मालकावरचा राग मात्र शाबूत आहे. तोच सांगतो, ऐकायचा तर ऐका.

माझा जन्म परदेशातला. बोटीवरच्या एका खलाशाने मला मुंबईत विकले आणि पंचाक्षरी नावाच्या कापड दुकानदाराने सोलापूरला आणले. सात रस्त्याला त्याचे दुकान होते. पहिली वर्षे बरी गेली. बारशी, साखरपुडे, नव्या नवरीचे ताठ उभे राहिलेले फोटो, सगळे मी काढले. लोक मला लांबूनच बघत आणि पंचाक्षरी मला मलमलीच्या तुकड्याने पुसत असे.

मग बहात्तरचा दुष्काळ सरला, माळावर पुन्हा गवत आले आणि या गृहस्थाला रानातल्या पाखरांचे वेड लागले. हिवाळ्यात रविवार उजाडला की कानटोपी घालून स्वारी स्कूटरवर! करकोच्यांचा थवा टिपला, तर आभाळात माश्या बसल्यासारखे दिसले. चंडोल टिपला, तर नुसते ढेकूळ आले. खापर अर्थातच माझ्यावर फुटले. मग त्याने लांब पल्ल्याची लेन्स आणली आणि पाखरे सोडून काळविटाच्या मागे लागला.

मंद्रूपच्या शिवारात त्याच्या धाकट्या बहिणीचे, बसव्वाचे, रान होते. त्या साली पावसाने दगा दिल्यामुळे ज्वारी गुडघ्यावर गेलीच नव्हती. घराची सगळी भिस्त हरबऱ्याच्या एका तुकड्यावर होती. नेमका तिथेच पहाटे हरणांचा कळप उतरत असे. बसव्वा राखणीच्या माळ्यावर चढून गोफण फिरवायची, हरणे पळायची, आणि आमचे साहेब चिडायचे.

"बसव्वा, थोडे दिवस गोफण बंद ठेव," तो एकदा म्हणाला. "हरणं बुजतात. मला एक चांगला फोटो मिळू दे."

"अण्णा, हरबरा खायलेत की ती. आता कुटं फुलाला आलाय."

"चार हरणांनी तुझं रान संपतंय होय? भावासाठी एवढं करवत नाही?"

तिचा नवरा संगप्पा दात खाऊन म्हणाला, "रान तुमचं असतं तर कळलं असतं, पाव्हणं."

पण बसव्वाने गोफण खुंटीला अडकवली. भाऊ मागत होता ना! मला हात असते तर तेव्हाच त्याच्या गळ्यातला पट्टा आवळला असता.

मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे त्या भागातली येळवस. रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच पांडवांचे दगड पुजायचे आणि गोतावळ्याने मिळून आंबील-भज्जी खायची. बसव्वाने भावाला वहिनीसकट जेवायला बोलावले होते. पंचाक्षरी बहिणीबरोबर एकाच घरात वाढलेला, त्याला ही रीत कोणी शिकवायची गरज नव्हती.

तो आला, पण एकटा आणि उजाडायच्या आत. हरबऱ्याच्या कडेला आयती कोप दिसताच त्याचे डोळे चमकले. लपायला याहून चांगली जागा कुठली? तो बूट घालूनच आत सरपटत गेला. पांडव पायाने बाजूला सारले, त्यातले दोन एकावर एक रचले आणि त्यांच्यावर मला टेकवले. ओला चुना माझ्या बुडाला लागला. मित्रांनो, मी यंत्र आहे, मला देव नाही, पण मलासुद्धा लाज वाटली.

कळप आला. पुढे तो काळा नर, पीळदार शिंगांचा, हरबऱ्यात तोंड घालून उभा. इतक्यात टिटवी ओरडली. बांधावरून बसव्वा येत होती, डोक्यावर आंबिलीचा मातीचा मोगा, आणि मागे संगप्पा पाटी घेऊन.

"तिथंच थांबा!" पंचाक्षरी कोपीतून दबक्या आवाजात ओरडला. "हलू नका!"

आणि ती थांबली. डोक्यावर भार तोलत, भावाचा शब्द राखत ती आपल्या डोळ्यांदेखत आपला हरबरा जाताना बघत राहिली. मला मिटायला पापणीही नव्हती. तो चाप ओढत राहिला, रोल संपेपर्यंत.

मग ती कोपीपाशी आली. आत बघून तिचा चेहरा उतरला.

"अण्णा, पायात बूट?"

"बाई, असा फोटो जन्मात एकदा मिळतो! दगड काय, परत मांडता येतात."

"जनावराला कळत न्हाय, म्हनून खातंय. तुला बी कळंना व्हय?"

एवढ्यावरही त्याने चूक कबूल केली नाही. "सणाच्या दिवशी तोंड सोडतेस," म्हणाला, आणि आंबिलीचा घोटही न घेता स्कूटरला किक मारून निघाला. येळवसच्या पाहुण्याने उपाशी जाणे म्हणजे काय, ते तुमच्या घरी विचारा.

फोटो मात्र उतरला, देखणा उतरला. हातभर मोठा करून त्याने गल्ल्याच्या मागे टांगला. वकील, डॉक्टर, मास्तर, येईल तो मान डोलावी. माझेही कौतुक झाले. मला ते कडू लागले.

शिमग्याच्या सुमारास बसव्वा दुकानात आली. त्या दिवसानंतर भावाला ती पहिल्यांदाच भेटत होती. हरबऱ्याचे खळे झालेच नव्हते, आणि संगप्पा बैल सोडून दुसऱ्याच्या रानात मजुरीला जात होता. भाऊ एका शब्दाने तरी विचारील, एवढ्याच आशेने ती आली होती. त्याच वेळी एक वकील फोटोपुढे उभा राहून म्हणत होता, "काय ऐट आहे, पंचाक्षरी! काय डोळे आहेत!"

बसव्वा पुढे झाली. "डोळं ऱ्हाऊ द्या सायेब. त्याच्या तोंडात काय हाय, ते बगा की."

वकिलाने वाकून पाहिले. जबड्यातून हरबऱ्याचा डहाळा लोंबत होता. "ही कोण?" त्याने विचारले.

पंचाक्षरी कापड मोजत राहिला. "खेड्यातली आहे कोणी," तो म्हणाला. "गिऱ्हाईक आहे."

बसव्वाने पदर सारखा केला आणि पायरी उतरली. ती पुन्हा आली नाही. भाऊबीजेला तो ओवाळणी घेऊन गेला, तेव्हा संगप्पाने त्याला दारातूनच परत पाठवले. मग त्याने मला कपाटात कोंबले, जणू मीच बहीण तोडली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, कोरडे ठेवा, जपा. मला जपू नका. ही काच आंधळी झाली, बरे झाले. पण डोक्यावर भार घेऊन कोणी तुमच्या एका शब्दासाठी उभे असेल, तर आधी तो भार उतरवून घ्या. फोटो काढायचा राहून गेला तरी चालेल.